पाना खाली ठेवण्याची वेळ

एका वाचकाच्या पत्राचा सारांश असा आहे. गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणलेल्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल नट सैलच राहिला असल्याचे त्यांना एकदा रस्त्यात लक्षात आले आणि त्या दिवसापासून गाडीची सगळी देखभाल स्वतःच करायची, असे त्यांनी ठरवले. हौस आहे, हत्यारांची पेटी आहे, गाडीचे पुस्तकही आहे. पण तासाभराचे म्हणून हाती घेतलेले काम अंधार पडेपर्यंत संपत नाही. “कधी स्क्रूचे डोके झिजते, कधी आणलेला भाग मापाचा निघत नाही, कधी सगळे बसवून झाल्यावर एक वॉशर हातात उरतो.” मागच्या सुटीच्या दिवशी इंजिन ऑइल बदलताना, जुने तेल ज्या भोकातून काढतात तिथल्या ड्रेन बोल्टचे आटे गेले आणि तेव्हापासून गाडी तशीच उभी आहे. रोज कामावर जाण्याची गाडीही तीच. पत्नीने विचारले, “तुम्हाला गाडी दुरुस्त करायची असते की तिच्यावर राग काढायचा असतो?” त्यांचे प्रश्न दोन आहेत. व्हिडिओत वीस मिनिटांत होणारे काम मला जमत नाही, म्हणजे हे माझे कामच नव्हे का? आणि अर्धवट उघडलेली गाडी घेऊन मेकॅनिकपुढे कोणत्या तोंडाने जायचे?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या ड्रेन बोल्टविषयी बोलू, कारण तुमच्या चिडचिडीचे बरेचसे मूळ त्या एका बोल्टात सापडते. बोल्ट पोलादी असतो आणि तो ज्यात बसतो ते इंजिनचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे असते. त्यामुळे जोर जास्त झाला की बोल्ट शाबूत राहतो आणि आवरणातले आटे सोलून निघतात. तसे होताना हाताला काय जाणवते, ते तुम्हाला आता सांगायला नको: बोल्ट आवळत आणताना विरोध वाढत जातो, ‘अजून थोडे’ म्हणून पाना ओढला की तो वाढायचा थांबतो, क्षणभर सगळे मऊ लागते, आणि मग बोल्ट नुसताच गरगर फिरू लागतो.

हे का होते, ते आकड्यांत पाहिले तर स्वतःला दोष देण्याची तुमची घाई थोडी कमी होईल. अनेक लहान आणि मध्यम मोटारसायकलींच्या ड्रेन बोल्टसाठी साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच पीळ (टॉर्क) सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. २५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे साडेबारा किलो वजनाइतका जोर. पाना ४० सेंटीमीटरचा असेल, तर त्याच्या निम्माच जोर पुरतो. म्हणजे लांब दांड्याच्या पान्याने ‘बेताने’ आवळणारा माणूसही नकळत दुप्पट पीळ देऊन बसतो, आणि ते हाताला कळण्याची सोय नसते. ज्यांना हाताच्या अंदाजाने हे जमते, त्यांनी शेकडो बोल्ट आवळलेले असतात. बाकीच्यांसाठी, ठरवलेला पीळ झाला की तसे दाखवणारा टॉर्क पाना असतो. आणखी एक शंका येते. ड्रेन बोल्टखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दबून बसण्यासाठीच असतो आणि तो दर वेळी नवा घालायचा असतो. जुनाच वॉशर घातला की तेल झिरपते, झिरपते म्हणून माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि असे दोन-तीनदा झाले की आटे उत्तर देतात. गळती थांबवण्यासाठी तुम्ही याआधीही तो बोल्ट आवळत आला असाल, तर मागच्या सुटीला जे घडले त्याची सुरुवात त्या सुटीला झालेली नाही.

आता तुमचे गृहीतक पाहू. व्हिडिओतले काम वीस मिनिटांत होते आणि तुमचे होत नाही, यावरून तुम्ही स्वतःच्या कुवतीविषयी निष्कर्ष काढला आहे. पण त्या व्हिडिओतली गाडी धुतलेली असते, तिचे बोल्ट गंजलेले नसतात, लागणारा प्रत्येक भाग आधीच शेजारी मांडलेला असतो आणि अडलेला स्क्रू सोडवण्यात गेलेला अर्धा तास कापून टाकलेला असतो. मेकॅनिकशी तुलना केलीत तरी तीच गोष्ट. बोल्ट त्याच्याही हातून तुटतात, आटे त्याच्याही हातून जातात. मात्र त्याच्याकडे ते दुरुस्त करायचे हत्यार असते, मोडलेल्या भागासारखा दुसरा भाग असतो, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच गाडीवरून कामावर जायचे नसते. तुमच्यापाशी एकच गाडी, एकच सुटी आणि एकच पेटी. या परिस्थितीत नट अडला की नुसता नट अडत नाही, उद्याचा सगळा दिवस अडतो. त्या वेळी येणारा राग अकुशलतेचा नाही. थांबण्याची सोय नसलेल्या कामात अडकल्याचा आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की कोणते काम घरी करायचे हे ते किती अवघड आहे यावरून ठरवू नका, ते मध्येच सोडता येते का यावरून ठरवा. आणि दुसरा प्रश्न असा विचारा की ते चुकले तर चूक गाडी उभी असताना दिसेल की वेगात असताना. सोपे काम निवडावे, अशी आपली समजूत असते. पण ऑइल बदलणे सोपे असूनही तेल एकदा काढले की परतीची वाट नसते. उलट हेडलाइट किंवा इंडिकेटरच्या वायरिंगमधला दोष शोधणे डोके खाणारे असले, तरी ते काम चार संध्याकाळी थोडे थोडे करता येते आणि दर वेळी सीट परत बसवून, दिवे लागतात ना हे पाहून, गाडी वापरता येते.

या कसोटीवर चेनचे काम फार चांगले आहे, आणि तुमच्यासारख्या अनेकांचे ते मनासारखे का होत नाही हेही सांगण्याजोगे आहे. चेनची सैलता पुढच्या-मागच्या दोन्ही दातेरी चक्रांच्या मधोमध, खालच्या बाजूला, वर-खाली हलवून मोजतात. रोजच्या वापराच्या गाड्यांत ती बहुधा २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. लोक एका जागी मोजतात, ताणतात आणि मोकळे होतात. पण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी मोजले की एका जागी ती जास्त ताठ लागते. माप त्या ताठ जागेचे धरायचे. सैल जागा पाहून ताणलीत, तर ताठ जागा आली की चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि चाकाच्या बेअरिंगवर ओढ देते, गाडी चालताना घरघर येते आणि आपण आणखी काहीतरी बिघडवले असे वाटू लागते. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकचा रॉड ताणला जातो, म्हणून पेडलचा मोकळेपणा पुन्हा लावून घ्यायचा असतो. तो राहून गेला की ब्रेक शू सतत घासत राहतात. आणि चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवण्याची जी पद्धत दिसते, ती कधीही करू नका. चेन आणि चक्र यांच्यामध्ये चिंधी सापडते, चिंधीमागून बोटे जातात.

याच न्यायाने ब्रेक फ्लुइडचे काम तूर्त बाजूला ठेवावे, असे मला वाटते. त्यात कौशल्य फार लागत नाही, पण ते अर्धवट सोडता येत नाही, आणि नळीत हवा राहिली तर ते कळायला नेमका ब्रेक दाबावा लागतो. तो फ्लुइड हवेतले पाणी शोषून घेतो. डॉट ४ प्रकाराचा नवा फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. फ्लुइड उकळला की नळीत वाफ होऊन ब्रेक नीट लागत नाही, म्हणूनच दोनेक वर्षांनी तो बदलायला सांगतात. तो रंगावर सांडला तर रंगही खातो. ज्याला घाई आहे आणि दिवस मावळतो आहे, अशा माणसाने तो डबा उघडू नये.

झिजणाऱ्या स्क्रूंबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्यात तुमचा दोष फार थोडा असण्याची शक्यता आहे. अनेक जपानी बनावटीच्या आणि जपानी आराखड्यावर बनलेल्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स मापाचे नसतात, जेआयएस या जपानी मानकाचे असतात. दोन्ही फुल्या वरून सारख्याच दिसतात, पण जपानी खाचेत फिलिप्सचे टोक पूर्ण खोल बसत नाही आणि जोर दिला की वर चढून खाच सोलते. स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला, तर तो त्या मानकाचा समजावा. योग्य टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि हातोड्याने ठोकण्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, जो ठोक्यासरशी टोक खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतोही, एवढी दोन हत्यारे घेतलीत तर तुमच्या निम्म्या दुपारी वाचतील. नट गोल होण्याचेही कारण बहुधा पान्यातच असते. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू पकडतो. अडलेल्या नटाला रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावावी. मोठी पेटी घेण्यापेक्षा आपल्या गाडीला लागणाऱ्या चार-पाच मापांची चांगली हत्यारे घ्यावीत, असे माझे मत आहे. स्वस्तातली चाळीस गोट्यांची पेटी दिसायला भरगच्च असते, पण त्यांतल्या बहुतेक गोट्या कधी हलत नाहीत आणि ज्या रोज लागतात त्याच आधी फाटतात.

आता दिवसाची आखणी. काम दुपारी जेवून सुरू करू नका. दुकाने उघडी असण्याची वेळ आणि उजेड दोन्ही हाताशी असताना, म्हणजे सकाळी, सुरू करा. भाग आधी आणा, आणि आणलेला भाग जुन्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय जुना टाकून देऊ नका. भाग मागताना गाडीचे नाव सांगण्यावर थांबू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ब्रेक शू आणि फिल्टर बदलतात, तेव्हा भागाचा क्रमांक आणि गाडीचे वर्ष दोन्ही सांगा. तेल घेताना डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2) अशी खूण पाहा. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात भिजलेला असतो, आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले मोटारगाडीचे तेल त्यात ओतले की क्लच घसरू लागतो. मग माणूस क्लच वायर ताणत बसतो आणि तिथून एक नवीनच रामायण सुरू होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाना खाली कधी ठेवायचा, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून ठेवा. माझा नियम असा: योग्य मापाच्या पान्याने, नीट जोर लावून, दोन प्रयत्नांत बोल्ट हलला नाही तर तिसरा प्रयत्न त्या दिवशी करायचा नाही. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर तसेच ठेवायचे. ते तेल आट्यांत झिरपायला वेळ लागतो आणि तिसऱ्या प्रयत्नात आपण जो जोर लावतो तो बहुतेक वेळा रागाचा असतो, मापाचा नसतो. बोल्टचे डोके तुटते ते याच वेळी. हा नियम पाळता यावा म्हणूनच, मध्येच सोडता येणारे काम निवडा, असे वर म्हटले.

उरलेल्या वॉशरचा प्रश्न पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने सुटतो. ज्या भागाचे झाकण काढायचे त्याची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढा, बोल्ट निघेल तसा चित्रातल्या त्याच जागी भोक पाडून वॉशरसह खोचून ठेवा. ही नुसती टापटीप नाही. क्लचच्या किंवा मॅग्नेटच्या झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तो तळाला टेकून आवरणाला तडा देऊ शकतो, आणि आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येऊन ते निघतात. उघडण्याआधी दोन-चार फोटो काढावेत, हे वेगळे सांगायला नकोच.

गाडी सुरू होत नाही किंवा मध्येच बंद पडते, अशा तक्रारींत लोकांचा जीव सर्वात जास्त मेटाकुटीला येतो, म्हणून त्याविषयी थोडे. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि पेट्रोल एकाच दुपारी बदलून गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधी इंजिन बंद करणारा किल स्विच आणि साइड स्टँड पाहा (हसू नका, कसलेले लोकही येथे फसतात), मग पेट्रोल, मग ठिणगी. बॅटरी काढायची असेल तर ऋण टोक आधी सोडायचे आणि शेवटी जोडायचे, कारण धन टोक सोडताना पाना चौकटीला टेकला आणि ऋण टोक जोडलेलेच असले तर थेट शॉर्ट होतो. इंजिन चालू करून पाहायचे असेल तर गाडी उघड्यावर घ्या. बंद जागेत धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

तुम्ही हे सगळे ज्या कारणाने सुरू केले, त्या सैल नटाकडे आता वळतो. तुमचा अविश्वास मला अवाजवी वाटत नाही. पण त्यातून तुम्ही ‘सगळे मीच करीन’ असा जो निष्कर्ष काढलात, तो त्या घटनेतून निघतोच असे नाही. नट कोणी आवळला यापेक्षा तो आवळल्यानंतर कोणी तपासला, हे महत्त्वाचे आहे, आणि तपासणे हे काम तुम्ही उत्तम करू शकता. अ‍ॅक्सलचे नट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट आणि हँडलचे बोल्ट योग्य पिळाला आवळलेले आहेत याची खात्री झाली की प्रत्येकावर रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढा, अशी की ती अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या धातूवर येईल. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. गाडी गॅरेजमधून आली की जे नट त्यांनी उघडले ते टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे आणि नवीन रेघ ओढायची. या तपासणीला फारसा वेळ लागत नाही, कपडेही खराब होत नाहीत, आणि ज्या भीतीपोटी तुम्ही पाना हातात घेतला ती भीती याने जाते. इंजिन उघडून जाते असे नाही.

पत्नीच्या वाक्याने तुम्ही दुखावलेले दिसता. मला मात्र त्या वाक्यात टोमण्यापेक्षा निरीक्षण जास्त दिसते. सुटीचा दिवस फक्त तुमचा गेलेला नाही; जेवण निवले, ठरलेले बाहेर जाणे राहिले, आणि संध्याकाळी घरात आलेला माणूस कोणाशी नीट बोलला नाही. त्यांना तुमच्या छंदाची अडचण नसावी, त्याला शेवट नसण्याची असावी. ‘दुपारी एकला मी हात धुणार, काम झाले असो वा नसो’ असे तुम्ही सांगू शकलात, आणि दोन-तीनदा ते खरे करून दाखवलेत, तर हा विषय बहुधा आपोआप निवळेल. एकला हात धुता यावेत म्हणून कोणते काम निवडायचे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

एक शक्यता मात्र मी मोकळी ठेवतो. हे सगळे करून पाहिल्यावरही तुमच्या लक्षात आले की तुम्हाला या कामात आनंद मिळत नाही, फक्त कर्तव्य वाटते, तर ते सोडून देण्यात पराभव नाही. टायरमधली हवा, तेलाची पातळी, चेनची सैलता, ब्रेक पॅडची जाडी आणि त्या रंगाच्या रेघा एवढे पाहणारा माणूस गाडीचा चांगला मालक असतो. स्वतः इंजिन उघडणाऱ्यालाच गाडी कळते, ही आपल्यासारख्या हौशी लोकांनी पसरवलेली समजूत आहे.

राहिला मेकॅनिकपुढे जाण्याचा संकोच. त्याला तुमच्या हातून आटे गेले याचे नवल वाटणार नाही. त्याला त्रास होतो तो काय काय उघडले आहे हे न सांगणाऱ्या गिऱ्हाईकाचा. तेव्हा जे घडले ते जसेच्या तसे सांगा: ऑइल काढले, फिल्टर बदलला की नाही, बोल्ट आवळताना आटे गेले, त्यानंतर काही केलेले नाही. काढलेले भाग एका पिशवीत घालून सोबत द्या. भोक थोडे मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात तारेच्या वेटोळ्याचे पोलादी आटे बसवण्याची पद्धत आहे, तिला हेलिकॉइल म्हणतात. नीट बसवले तर ते मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत ठरतात. तेच करून द्यायला सांगा आणि भोक पाडताना पडणारा धातूचा कीस इंजिनात राहू नये म्हणून शेवटी थोडे तेल ओतून ते वाहू द्यायला सांगा. जाड मापाचा, स्वतःच आटे पाडत जाणारा बोल्टही मिळतो, पण तो दर वेळी काढताना पुन्हा तीच धाकधूक राहील. बोल्टला टेप गुंडाळून किंवा डिंकासारखे काही लावून काम भागवण्याचा मोह मात्र टाळा. तो बोल्ट चालत्या गाडीतून पडला तर तेल थेट मागच्या टायरखाली येते. जमत असेल तर शेजारी उभे राहून ते काम पाहू द्यायची विनंती करा. बहुतेक मेकॅनिक नाही म्हणत नाहीत.

गाडी तिथे ढकलत न्या किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून न्या. गॅरेज कितीही जवळ असले तरी इंजिन सुरू करू नका. आणि ‘इंजिनात तेल नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद हँडलला बांधा, किल्लीच्या भोकावर येईल असा, कारण तुम्ही ज्याला सगळे समजावून सांगाल तोच मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी बाजूला घ्यायला येईल, असे नाही.